करंगळीएवढी धार

"अरे, झालं की नाही तुझं?" ही आमच्या घरातली रोजची भूपाळी. सकाळी सहापासून न्हाणीघराच्या दारावर ती आळवली जाते आणि आतला प्राणी बादलीकडे बघत हताशपणे उभा असतो. दोष त्याचा नसतो. गरम पाण्याच्या नळातून करंगळीएवढी धार येत असते, आणि तिला घाई करता येत नाही. बाबांना सातची बस गाठायची असते, धाकटीची शाळा असते, मला पहिला तास असतो. आईची आंघोळ नेहमी सगळ्यांत शेवटी, आणि बहुतेक वेळा गार पाण्याने.

वार्षिक अंकासाठी हा विषय सांगितला तेव्हा आमचे एक सर हसले. म्हणाले, "तानसा आणि भातसा ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. आणि तू गरम पाण्याची धार मोजत बसलास?" टोला बरोबर बसला, हे कबूल केलेच पाहिजे. भातसेचे पाणी पिशाला उचलून आमच्या शहराकडे येते. ठाणे महापालिकेचे स्वतःचे एकही धरण नाही, तेव्हा पाण्याबाबत मिजास करण्याचा अधिकार आम्हा ठाणेकरांना नाहीच. परंतु मित्रहो, आम्ही एक थेंबही जास्त मागत नाही. टाकीत असलेले पाणी बादलीपर्यंत का येत नाही, आणि ते आणण्याची जबाबदारी कोणाची, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आम्ही वागळे इस्टेटमध्ये भाड्याने राहतो. चार मजली इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत इथे उभी राहिली. अजूनही रिक्षावाल्याला 'रोड नंबर सोळा', 'रोड नंबर बावीस' असाच पत्ता सांगावा लागतो. पुढे कित्येक कारखाने बंद पडले, काहींच्या जागी काचेच्या इमारती आल्या, पण कामगारांसाठी भोवताली वाढलेली वस्ती राहिली. आमचे घरमालक अशाच एका बंद पडलेल्या कारखान्यातले. 'हिशेब' मिळाला त्यातून त्यांनी ही जागा घेतली, आणि आमचे भाडे हीच त्यांची पेन्शन. त्यांच्याविषयी रागाने लिहावे असे माझ्या मनात नाही.

धार बारीक का, याबद्दल घरात तीन मते होती. बाबा म्हणत, टाकीच उंच नाही. घरमालक काका म्हणत, गिझर लहान आहे. मोठा बसवून देतो, भाडे थोडे वाढवा. आई म्हणे, आपले नशीब. मी कलाशाखेचा विद्यार्थी असल्याने माझे मत कोणी विचारले नाही. शेवटी मी घड्याळ आणि वीस लिटरची बादली घेऊन न्हाणीघरात शिरलो. गार पाण्याच्या नळाखाली बादली चार मिनिटांत भरली. गरम पाण्याच्या नळाखाली तिला अकरा मिनिटे लागली.

या दोन आकड्यांनी बरेच काही उलगडले. पाण्याच्या दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब मिळतो. गच्चीवरच्या टाकीचा तळ आमच्या नळापासून जेमतेम तीन मीटर उंच, तेव्हा आमच्या वाट्याला पाव किलोच्या थोडा वर दाब येतो. तळमजल्यावरच्यांना आणखी चार मजल्यांची उंची मिळते, म्हणून त्यांना दीड किलो. टाकीला सर्वांत जवळ राहणाऱ्यांनाच सर्वांत कमी! म्हणजे गार पाण्याला चार मिनिटे लागतात त्याचे कारण बाबा म्हणतात ते. पण वरची सात मिनिटे? गरम पाण्याला वेगळी टाकी नसते. आजीच्या घरी तांब्याचा बंब होता. वरून तांब्याभर गार पाणी ओतले की तेवढेच कढत पाणी तोटीतून बाहेर पडे. आमचा साठवणीचा गिझरही तोच न्याय पाळतो: गार पाणी आत ढकलेल तेवढेच गरम बाहेर येणार. मग गिझर पंधरा लिटरचा असो की पन्नासचा, धार जाड होणार नाही. गार नळ बरा चालतो आणि गरम चालत नाही, म्हणजे अडथळा गिझरच्या वाटेवर कुठेतरी आहे. (बंबाच्या काळी प्रत्येकजण आपापल्या हाताने विसण घालून घेई. आता ते काम मिक्सरकडे दिले आहे, आणि तो कधी नुसतेच विसण देतो.)

प्लंबरमामा आले. त्यांनी नळाची जाळी काढून साफ केली, गिझरच्या तोंडाशी असलेला अडकलेला व्हॉल्व्ह बदलला. बादली नऊ मिनिटांवर आली. मग त्यांनी भिंतीलगतचा जुना लोखंडी एल्बो खोलून माझ्या हातावर ठेवला. आत गंजाचे थर एवढे, की मधून पेन्सिल जेमतेम जावी. "भिंतीतला सगळा पाइप असाच असणार," ते म्हणाले, "फरशा फोडाव्या लागतील." आणि त्यांनी खर्चाचा जो आकडा सांगितला तो आमच्या एका महिन्याच्या भाड्याहून मोठा होता.

इथे पाण्याचा प्रश्न संपतो आणि खरा प्रश्न सुरू होतो. आमच्या अकरा महिन्यांच्या करारात लिहिले आहे: किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी, मोठी मालकाने. गंजलेला पाइप किरकोळ की मोठा? काका म्हणाले, "वापरता तुम्ही." बाबा म्हणाले, "भिंत तुमची." दोघेही खोटे बोलत नव्हते. पण बाबांचा आवाज खाली होता, कारण नूतनीकरणाला दोनच महिने उरले होते आणि डिपॉझिट काकांकडे होते. वडिलांचा असा आवाज मी प्रथमच ऐकला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यात एक चांगले कलम आहे, चौदावे. मालकाने जागा दुरुस्त ठेवली पाहिजे. न ठेवल्यास पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच. मी आनंदाने बाबांना ते वाचून दाखवले. बाबांनी करार पुढे केला. त्यात आम्ही 'भाडेकरू' नाहीच, 'लायसन्सी' आहोत. भाडे भाडेकरूचे भरायचे आणि हक्क पाहुण्याचे! १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरू मानले. तेव्हापासून मालक धास्तावलेले आहेत आणि करार अकरा महिन्यांचे होत आले आहेत, हेही खरे. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर केला. त्याच्या परिशिष्टात चक्क लिहिले आहे की गिझरची दुरुस्ती व नळाचे वायसर राहणाऱ्याकडे, आणि पाइप बदलणे मालकाकडे. आमच्या घरातले भांडण दोन ओळींत मिटले असते. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच तो कायदा होतो.

माझे मत असे की या दोन ओळी करारात लिहून घ्यायला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. भिंतीच्या आतले ते मालकाचे, बाहेरचे ते राहणाऱ्याचे. पंखे, दिवे, किल्ल्या यांची यादी करतो त्याच कागदावर प्रत्येक नळाला बादली किती मिनिटांत भरते तेही लिहावे आणि दोघांनी सही करावी. घरमालकाला यात तोटा नाही. गंज त्याच्याच भिंतीत वाढतो आहे, आम्ही गेल्यावरही वाढणारच आहे.

आमच्याकडे शेवटी फरशा फोडल्या नाहीत. प्लंबरमामांनीच तोड काढली. भिंतीतला पाइप तसाच सोडून गिझरपासून नळापर्यंत नवा सीपीव्हीसी पाइप फरशीवरून उघडाच नेला. दिसायला वाईट आहे. सामानाचे पैसे काकांनी दिले, मजुरी आम्ही. बादली आता साडेचार मिनिटांत भरते. करार मात्र नूतनीकरणाच्या वेळी जसाच्या तसा आला. बादलीची ओळ घालू या म्हटल्यावर एजंट इतका हसला की बाबांनी तो विषय सोडून दिला. आई सध्या सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकते.