पाहुणी रक्कम

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाने एक गोष्ट कधी करू नये. आपल्याच शाखेत आपल्याच खात्याचा शिल्लक दाखला मागू नये. हॉटेलवाला स्वतःच्या हॉटेलात जेवत नाही, त्याला काही कारणं असतात. तसंच हे आहे.

बी.कॉम. होऊन मी सोलापुरात काउंटरच्या आत शिरलो, त्याला पंचवीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी कितीतरी लोकांना ते श्रीमंत असल्याचे कागद तयार करून दिले. हल्ली कागद कॉम्प्युटर छापतो, सही साहेब करतात आणि शिक्का तेवढा माझ्या वाट्याला उरला आहे. मजकूर मात्र तोच. अमुक खात्यावर अमुक तारखेस कामकाज संपताना अमुक रुपये शिल्लक होते. ‘होते’ हं! ‘आहेत’ असं बँक कधी लिहीत नाही. बँक फार सावध बाई आहे.

आता आतली गोष्ट सांगतो. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलाच्या बापाच्या खात्यात सोमवारी चार लाख येतात. मंगळवारी तो दाखला मागतो. बुधवारी चार लाख आल्या वाटेने परत जातात. या रकमेला मी ‘पाहुणी रक्कम’ असं नाव ठेवलं होतं. शाखेत नवीन कोणी रुजू झालं, की मी त्याला ही संज्ञा शिकवायचो. “पाहुणी ओळखायची कशी? तिने चप्पल दारातच काढलेली असते!” यावर हमखास हशा मिळे.

एकदा तुळजापूर रस्त्यावरच्या एका गावातले गृहस्थ आले. मुलगा चीनला डॉक्टरकी शिकायला निघाला होता. दाखला हातात घेऊन ते जरा घुटमळले आणि हळूच म्हणाले, “साहेब, पैसे दोन दिवस जास्त राहू दिले, तर दाखला जास्त खरा होतो का?” हा किस्सा मी पुढे वर्षभर चहाच्या टेबलावर सांगत होतो.

आणि मग आमच्या मुक्ताने चिनी शिकायला चीनला जायचं ठरवलं.

घरात जे व्हायचं ते झालं. मेव्हण्याने “जर्मन का नाही?” असं विचारलं. त्याला स्वतःला जर्मनमधलं ‘डँके’सुद्धा येत नाही, पण जर्मन कशी बरी वाटते! शेजारच्या काकांनी 1962 काढलं, मग 2020 चं गलवान काढलं आणि “शत्रूची भाषा शिकायची?” म्हणून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू सीमेवरचा नकाशा मीच पाठवून दिला. मी म्हटलं, “काका, ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे त्याची भाषा नको का यायला? नुसतं हातवारे करून भांडायचं?”

काकांना म्हणे सोलापूरचा अभिमान. आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, जखमींवर उपचार करता करता चिनी शिकले, त्या भाषेत शिकवू लागले आणि 1942 साली तिथेच वारले. त्यांच्या घराचं स्मारक आपण मोठ्या मानाने पाहुण्यांना दाखवतो. परतताना मात्र मुलीला सांगतो, की जर्मन घे. वसंत परांजपे 1947 साली पेकिंगला चिनी शिकायला गेले, म्हणून तर पुढे नेहरू आणि माओ बोलत असताना दुभाषा मराठी माणूस होता. कुणी तरी शिकलेलं असावं लागतं हो! ऐन वेळी पाटी लावून दुभाषा मिळत नाही.

हे वाद मी जिंकले. खरी लढाई पुढे होती.

चीनमध्ये 180 दिवसांपेक्षा जास्त शिकायचं असेल, तर एक्स-1 नावाचा व्हिसा लागतो. त्यासाठी विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि जेडब्ल्यू 202 नावाचा फॉर्म हवा. मग वैद्यकीय तपासणी. छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख, रक्ताच्या चाचण्या. आम्ही लग्न ठरवताना जावयाची एवढी चौकशी करत नाही. तिकडे उतरल्यावर तीस दिवसांच्या आत रहिवासाचा परवाना काढायचा, ते वेगळंच. यातल्या कशाबद्दलही माझी तक्रार नाही. दुसऱ्याच्या घरी जायचं तर त्याच्या घरचे नियम पाळावेत.

माझा राग आहे तो एकाच कागदावर. वडिलांच्या बँकेतला शिल्लक दाखला. विद्यापीठाने तो मागितला, आणि व्हिसाच्या फाइलीतही एक प्रत असू द्या, असं जाणकारांनी बजावलं.

आता पाहा. मुक्ता गेली तीन वर्षं चिनी अक्षरं गिरवते आहे. त्यासाठी ती पहिलीच्या पोरांच्या, गणिताच्या चौकटी वह्या वापरते. एका चौकटीत एक अक्षर, ओळभर तेच, पुन्हा खाली तेच. कोपऱ्यावरचा वहीवाला मला विचारतो, “साहेब, नातू कितवीला?” अशा त्रेचाळीस वह्या माळ्यावर आहेत आणि बायको त्या रद्दीवाल्याला हात लावू देत नाही. परवा एका टॉवेल कारखान्यातलं नवं चिनी यंत्र तीन दिवस मुकाट उभं होतं. मालकाने पडद्याचा फोटो पाठवला. मुक्ताने वाचून कळवलं, “झाकण नीट लावा, असं म्हणतंय ते.” झाकण लावलं. यंत्र चालू! पण त्रेचाळीस वह्यांपैकी एकही कुणी मागितली नाही. जो विद्यार्थी आहे त्याचा कागद नको, जो विद्यार्थी नाही त्याचं पासबुक हवं! मग याला विद्यार्थी व्हिसा का म्हणतात? बापव्हिसा म्हणावं.

यावर कोणी म्हणेल, की परक्या मुलीचे पैसे तिकडे संपले, तर तिला पोसायचं कोणी? प्रश्न रास्त आहे. मी बँकवाला आहे, तारणाशिवाय कर्ज देऊ नये हे मला कळतं. पण मग खरं तारण घ्या ना! वर्षाची फी आणि वसतिगृहाचं भाडं आगाऊ भरून घ्या, पावती फाइलीला लावा. तो पैसा परत दारातून निसटत नाही. शिल्लक दाखल्याने काय सिद्ध होतं? एवढंच, की अर्जदाराच्या बापाला चार लाख उसने देणारा एक मेव्हणा आहे. ज्याला असा मेव्हणा नाही त्याच्या पोरीने चिनी शिकू नये, असा या नियमाचा सरळ अर्थ. आणि हे मागणाऱ्याला ठाऊक आहे, देणाऱ्याला ठाऊक आहे, शिक्का मारणाऱ्या मला तर पंचवीस वर्षं ठाऊक आहे. तरी तिघेही गंभीर चेहऱ्याने तो कागद इकडून तिकडे करतो.

शिवाय ही हमी एकतर्फी आहे. 2020 च्या सुरुवातीला साथीमुळे आपली मुलं चीनहून घरी आली आणि 2022 च्या ऑगस्टपर्यंत त्यांना परतीचा विद्यार्थी व्हिसा मिळेना. तुळजापूर रस्त्यावरच्या त्या गृहस्थांचा मुलगा अडीच वर्षं मोबाइलवर डॉक्टरकी शिकला. गावात रेंज नाही म्हणून टाकीवर चढून शरीरशास्त्र! बापाने ऐपतीचा दाखला दिला होता. शिकवणाऱ्याच्या ऐपतीचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो?

आणि इतिहासच काढायचा तर ह्युएनत्संगाचा काढा. सातव्या शतकात बादशहाने देशाबाहेर जायला बंदी केलेली असताना हा बुवा गुपचूप निसटला. ना फॉर्म, ना फोटो. नालंदेला शिकला, पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असं लिहून गेला. 645 साली परतताना त्याने 657 ग्रंथ नेले. नालंदेच्या दारात कोणी त्याच्या वडिलांची शिल्लक विचारली असती, तर बिचारा अजून उंबऱ्यावर बसलेला असता.

एवढं सगळं मी घरात, चढ्या आवाजात, जेवणाच्या ताटावर बोललो. मुक्ता शांतपणे म्हणाली, “बाबा, सगळं पटलं. पण तुमच्या खात्यात किती आहेत?”

एक लाख साठ हजार कमी होते.

मी सांगितलं, की कर्ज काढीन, भविष्य निर्वाह निधीला हात घालीन, पण पाहुणी घरात घेणार नाही. हिशेब मांडला, तर तेही पैसे महिन्याआधी हातात येत नव्हते आणि विद्यापीठाची मुदत शुक्रवारी संपत होती. मेव्हणा सोमवारी सकाळी घरी आला. जर्मनचा विषय त्याने काढला नाही. चहा घेतला, मोबाइलवर दोनदा अंगठा दाबला आणि म्हणाला, “भाऊजी, सावकाश द्या हो.” त्या क्षणी तो मला सख्ख्या भावासारखा वाटला आणि त्याचा रागही आला.

मंगळवारी कामकाज संपल्यावर मी माझ्याच खात्याचा दाखला छापला. सहीसाठी साहेबांच्या, म्हणजे आमच्या नव्या अधिकारी बाईंच्या टेबलावर ठेवला. बाई पाटण्याच्या, वय सत्तावीस. रुजू झाल्या तेव्हा शाखेतला सगळा शब्दसंग्रह त्यांनी माझ्याकडूनच घेतला होता. त्यांनी दाखला वाचला, पडद्यावर माझं खातं उघडलं, सोमवारची नोंद पाहिली आणि सही करता करता, अगदी साध्या आवाजात, नव्याने शिकलेला शब्द बरोबर वापरल्याच्या आनंदात विचारलं, “सर, ये पाहुणी रक्कम है क्या?”

मी म्हटलं, “हो.”

“चप्पल दारातच?”

“दारातच,” मी म्हटलं आणि शिक्का मारला. तो जरा तिरका उमटला.