हे बोलणे इथलेच आहे

वाशीमच्या एका ज्येष्ठ रसिकांचे मत सध्या बऱ्याच जणांना पटते आहे. ते थोडक्यात असे. सिनेमा-मालिका बघताना जात, रंग, बाईमाणसाची वागणूक हे विषय काढणे म्हणजे अमेरिकेतून आलेले खूळ. काळ्या-गोऱ्यांचे भांडण तिकडचे, आपल्याकडे तसे काही नव्हते. करमणूक ही करमणूक असते. बायकांना आता सगळे मिळाले आहे. आणि असल्या चर्चांनी समाजात फूट पडते. चार-पाच वाक्यांत दीडशे वर्षे पुसून टाकण्याचे हे धाडस आहे, आणि त्याला उत्तर देणे भाग आहे.

परकेपणाचा मुद्दा आधी घेतला पाहिजे, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली ड्यू बॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली. १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेचे नावच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या 'ब्लॅक पँथर' संघटनेवरून 'दलित पँथर' ठेवले. जात आणि वंश एक नव्हेत, हे या सगळ्यांना ठाऊक होते. पण जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याची रीत दोन्हीकडे आहे, हे त्यांनी ओळखले होते. ओळख इतकी जुनी असताना तिला कालची फॅशन म्हणायचे?

आणि पुण्या-मुंबईपर्यंत जायचेही कारण नाही. शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीला धारेवर धरले, त्याचा संताप या पुस्तकात आहे. पण रसिकांनी मुद्दाम पाहावी अशी गोष्ट वेगळीच आहे. ताराबाईंनी त्या काळी लोक आवडीने वाचत-बघत असलेल्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या कादंबऱ्या आणि 'मनोरमा' हे नाटक हाती घेतले, आणि त्यांत बायका कशा रंगवल्या आहेत याची झाडाझडती घेतली. म्हणजे करमणुकीतल्या स्त्रीचित्रावर वऱ्हाडातली एक बाई १८८२ सालीच कडाडून बोलली होती, तेही इंग्रजी शाळेची पायरी न चढता. तेव्हाही तिची टर उडवली गेली. फुल्यांनी 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेतून तिची बाजू घेतली, तरी पुस्तक विस्मरणात गेले आणि थेट १९७५ साली पुन्हा छापले गेले. हे खूळ परदेशातून आले म्हणणाऱ्यांनी बुलढाणा कोणत्या देशात आहे ते सांगावे.

आपल्याकडे तसे काही नव्हते, हे तर वाशीम जिल्ह्यात बसून म्हणूच नये. इंग्रजांनी १८७१ पासून अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारे कायदे केले. ते १९५२ साली संपले. बंजारा समाज महाराष्ट्रात आजही विमुक्त जातींच्या, म्हणजे त्या शिक्क्यातून सुटलेल्यांच्या, यादीत आहे. त्याच समाजाची काशी, पोहरादेवी, याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यात आहे. आता शाळेच्या गॅदरिंगला काय होते ते बघा. बंजाऱ्यांचा म्हणून 'लमाणी डान्स' हमखास असतो. आरशांची कांचळी आणि घेरदार फेटिया भाड्याने आणतात, गावातल्या मुली नाचतात, टाळ्या पडतात. तांड्यावरची मुलगी त्याच वर्गात मागच्या बाकावर असते आणि कोणी हसेल म्हणून मैत्रिणीशीसुद्धा गोरबोलीत बोलत नाही. तिच्या आजीचा पोशाख मंचावर चालतो, तिची बोली वर्गात चालत नाही.

करमणूक ही करमणूक, हे म्हणणाराही ते मनापासून मानत नाही. मालिकेत वऱ्हाडी बोलणारा माणूस फक्त हसवायला आणतात, याचा राग याच रसिकांना येतो, आणि तो रास्तच आहे. मग स्वतःच्या बोलीला लागलेली ठेच ती अपमान आणि दुसऱ्याच्या रंगाला लागलेली ती गंमत, हा कुठला न्याय? २०१९ साली 'रंग माझा वेगळा' ही मालिका सुरू झाली. सावळ्या मुलीची बाजू घेणारी कथा, पण त्यासाठी गोऱ्या अभिनेत्रीला मेकअपने सावळे केले. अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस पोलिसांच्या हातून मारला गेल्यावर २०२० साली 'फेअर अँड लव्हली' या गोरेपणाच्या क्रीमचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. सोयरिकीच्या बैठकीत मात्र अजून ऐकू येते, "पोरगी सावळी हाये, पण नाकीडोई बरी हाये." त्या 'पण'मध्ये पोरीच्या बापाचे लाखभर रुपये जातात.

जातीबद्दल 'सैराट' (२०१६) या मराठी सिनेमाचे उदाहरण बघा. दोन वर्षांनी हिंदीत 'धडक' झाला तेव्हा जात जवळजवळ काढून टाकली, आणि मूळ कथेत शेवटी ज्या कारणाने रक्त सांडते ते कारणच पडद्यावरून गेले. जात बाजूला ठेवून गोष्ट सांगता येते असे वाटणाऱ्यांनी हे दोन्ही सिनेमे लागोपाठ बघावेत.

करमणुकीतल्या बाईवरचा हा वादही नवा नाही. १९९१ साली 'माहेरची साडी' या सिनेमाला गावोगावच्या बायकांनी गर्दी केली. सोसणाऱ्या सुनेचा एवढा उदोउदो कशाला, असे विचारणाऱ्यांना तेव्हा उत्तर मिळाले, "बायकांनाच आवडतो ना?" आवडतो, खरेच. थिएटरात त्या रडल्या, कारण घरी रडायची सोय नव्हती. गर्दी हा त्या दुःखाचा पुरावा होता, समाधानाचा नव्हे.

बायकांना सगळे मिळाले, यावर सातबाऱ्यावरची नावे वाचून दाखवणे पुरे. आणि फुटीचे म्हणाल, तर तांडा गावाबाहेर कोणत्याही चर्चेने नेलेला नाही.

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. मालिका बंद करू नयेत, सिनेमावर बंदी तर मुळीच नको. रात्री टीव्हीसमोर बसल्यावर घरात एवढेच विचारावे, की मोलकरणीला नाव आहे का, खलनायक कोणत्या बोलीत बोलतो, सून गप्प बसली तेव्हा संगीत गोड का झाले. बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटे यावर बोलावे. आणि यंदाच्या गॅदरिंगला मुख्याध्यापकांनी तो नाच तांड्यावरच्या मुलींना बसवू द्यावा, गाणे त्यांच्या बोलीतले घ्यावे, आणि पहिल्या रांगेत त्यांच्या आयांना बसवावे.