'भागीदार' नव्हे, कामगार!

मालकवर्गाच्या परिषदांतून, व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आणि भांडवलदारी वृत्तपत्रांच्या रकान्यांतून गेली काही वर्षे एक सिद्धांत हिरिरीने मांडला जात आहे. मालक-कामगार संघर्ष गिरण्यांच्या भोंग्याबरोबर इतिहासजमा झाला असून आधुनिक उद्योगात आता उरले आहेत ते केवळ 'सहकारी' आणि 'भागीदार', असा हा सिद्धांत आहे. घरोघर माल पोचविणारा तरुण 'डिलिव्हरी पार्टनर' झाला. त्याला कामावरून काढणे म्हणजे त्याचे 'खाते निष्क्रिय करणे' झाले. लेबर ऑफिसरच्या जागी 'मानव संसाधन' विभाग आला. म्हणजे कोळसा आणि लोखंड यांच्या पंक्तीला माणूसही जाऊन बसला!

प्रस्तुत लेखकाचे काम अनुवादाचे आहे. इंग्रजी मजकुरात 'पार्टनर' आला की मराठीत 'भागीदार' लिहून मोकळे होणे सोपे असते. परंतु भागीदार म्हणजे नफातोट्याचा वाटेकरी. येथे नफ्यात वाटा कोणाला आहे? पेट्रोलचा खर्च, वाहनाचा हप्ता आणि अपघाताचा धोका एवढाच तोट्याचा वाटा या 'भागीदारा'च्या पदरी पडतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

शब्दांवरून वाद घालणे हा बुद्धिजीवींचा छंद आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही, कारण या शब्दावरच कायदा टांगलेला आहे. केंद्रातील भाजप सरकारने २९ कामगार कायदे मोडीत काढून रचलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू केल्या. त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्याच अशी केली आहे, की पारंपरिक मालक-नोकर संबंधांच्या बाहेर राहून काम करणारा तो गिग कामगार. एकदा 'बाहेर' ठरला, की वेतन संहितेतील किमान वेतन त्याला नाही आणि औद्योगिक संबंध संहितेतील सामुदायिक वाटाघाटीचा हक्कही नाही. त्याच्या वाट्याला येतो तो एक कल्याणनिधी, ज्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम भरावयाची. आणि तीही या कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नाही. हक्काच्या जागी दानधर्म बसविण्याची ही युक्ती आहे.

येथे आपल्याच काही साथींच्या मनातील शंकेचा विचार केला पाहिजे. मोटारसायकल त्या तरुणाच्या मालकीची आहे, कामाची वेळ तो स्वतः निवडतो, मग तो छोटा स्वयंरोजगारी नव्हे काय, असे ते विचारतात. प्रश्न वाहनाच्या मालकीचा नाही. हुकमत कोणाची, हा आहे. दर कोण ठरविते? कोणती फेरी कोणाला, हे कोण ठरविते? ग्राहकाने दिलेले तारे कमी पडले म्हणून काम कोण बंद करते? पूर्वी मुकादम समोर उभा असे, त्याला जाब तरी विचारता येई. आज मुकादम यंत्रात दडला आहे आणि त्याचे नियम कंपनीखेरीज कोणालाच ठाऊक नाहीत. नगावर मिळणारी मजुरी हे कालमजुरीचेच बदललेले रूप आहे, हे मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात दाखवून दिले आहे.

आणि हा प्रश्न नवाही नाही. सोलापुरातील विडी कामगार स्त्री आपल्याच घरात, आपल्याच सुपात विड्या वळते. पाने-तंबाखू मात्र मालकाची आणि विडी नाकारण्याचा अधिकारही त्याचाच. तिलाही मालक 'स्वतंत्र कारागीर' म्हणत होते. परंतु १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या कामगाराला कामगार मानले आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. तो कायदाही आता संहितांच्या पोटात गेला आहे. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना स्वयंरोजगारी न मानता कामगार ठरविले. जे विडी कामगार स्त्रियांबाबत आपल्या देशात अर्ध्या शतकापूर्वी मान्य झाले, ते आज नाकारणे यालाच 'सुधारणा' म्हणावयाचे काय?

कारखान्याच्या चार भिंतींच्या आत तरी चित्र निराळे आहे काय? तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथील सॅमसंगच्या कारखान्यात ९ सप्टेंबर २०२४ पासून एक हजाराहून अधिक कामगार ३७ दिवस संपावर होते. त्यांच्या मागण्यांत अग्रभागी होती ती 'सिटू'च्या नेतृत्वाखालील त्यांच्या युनियनला मान्यता देण्याची मागणी. व्यवस्थापनाने संपकाळातच आपल्या मर्जीतल्या 'कामगार समिती'शी करार केला आणि युनियनच्या नावात कंपनीचे नाव येण्यासही हरकत घेतली. ज्यांच्या घामातून ते नाव उभे राहिले, त्यांनीच ते उच्चारावयाचे नाही! अखेर प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये युनियनची नोंदणी झाली.

याच मद्रासमध्ये १९१८ साली मद्रास लेबर युनियन स्थापन झाली, तेव्हा बिन्नी कंपनीने तिच्या पुढाऱ्यांना कोर्टात खेचले होते. त्यानंतर मार्च १९२१ मध्ये नारायण मल्हार जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांच्या संरक्षणासाठी ठराव मांडला आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. हा हक्क मालकांच्या सदिच्छेने मिळाला नाही. आज औद्योगिक संबंध संहिता सर्व आस्थापनांत संपापूर्वी १४ दिवसांच्या नोटिशीची सक्ती करते, निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तिलाही संप म्हणते आणि कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांपासून लावते. संघर्ष इतिहासजमा झाला असेल, तर संपाची एवढी धास्ती कशाला?

यातून आपली कर्तव्ये स्पष्ट होतात. आपल्या पत्रकांतून आणि या अंकाच्या पानांतूनही 'भागीदार' आणि 'मानव संसाधन' हे शब्द निष्काळजीपणे आलेले आहेत. त्यात प्रस्तुत लेखकाचाही दोष आहे आणि तो दुरुस्त केलाच पाहिजे. परंतु कागदावरील दुरुस्ती पुरेशी नाही. मुंबई-पुण्यात असो वा इंदूर, बडोदे, हैदराबादेत, गोदामांच्या दाराशी ताटकळणाऱ्या या तरुणांकडे पक्षसभासदांनी गेले पाहिजे. कायद्यात कामगाराचा दर्जा, किमान वेतन, खाते बंद करण्यापूर्वी सुनावणी आणि युनियनला मान्यता या मागण्यांवर त्यांना संघटित केले पाहिजे. तो तरुण ज्या दिवशी स्वतःला कामगार म्हणू लागेल, त्या दिवशी मालकांच्या या शब्दकोशाचे पहिले पान फाटलेले असेल.