टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती

गिरगाव चौपाटीवर मुलांना घेऊन आपण जातो, भेळ खातो, लोकमान्य टिळकांचा पुतळा दाखवतो. १९२० च्या ऑगस्टमध्ये याच वाळूवर त्यांना अग्नी दिला गेला, हेही सांगतो. पण टिळकांच्या गोष्टीतले एक नाव आपल्या घरांत क्वचितच निघते. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी.

१८९७ साल. पुण्यात प्लेगची साथ, रँडचा खून, आणि सरकार चवताळलेले. 'केसरी'तल्या लिखाणाबद्दल कलम १२४-अ खाली टिळकांना जुलैअखेर मुंबईत अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टातही न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांनी तो नाकारला. त्यानंतर ४ ऑगस्टला अर्ज तय्यबजींसमोर आला आणि त्यांनी तो मंजूर केला. आरोपीला बचावाची तयारी करता आली पाहिजे, आणि उद्या तो निर्दोष सुटला तर आधीच भोगलेली कैद कोण भरून देणार, असा त्यांचा साधा विचार होता.

तय्यबजी आपल्याला माहीत असतात ते अंजुमन-ए-इस्लामचे संस्थापक म्हणून, फार तर १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून. आम्हाला मात्र त्यांचा हा एका दिवसाचा हुकूम मोठा वाटतो. त्या काळी हायकोर्टाचा न्यायाधीश राणीच्या मर्जीने पदावर असे. समोर सरकारचा सर्वांत नावडता माणूस. त्याचा धर्म वेगळा, त्याचे राजकारणही तय्यबजींपेक्षा वेगळे. तरीही त्यांनी कायदा तेवढा पाहिला.

पुढे टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झालीच. ज्युरीतले सहा युरोपियन एका बाजूला, तिघे हिंदी दुसऱ्या बाजूला. तो जामीन मागायला टिळकांचे वकील म्हणून उभे होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, तेच दावर न्यायाधीश झाले होते. टिळकांचा जामीन त्यांनी नाकारला आणि सहा वर्षांची शिक्षा सुनावली. माणूस तोच, खुर्ची बदलली! त्याच कोर्टात १९५६ मध्ये टिळकांच्या उद्गारांची शिला लावली गेली, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते महंमद करीम छागला.

आज संविधानाने न्यायाधीशाला मर्जीवर ठेवलेले नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते पडल्याशिवाय हायकोर्टाचा न्यायाधीश हटवता येत नाही. हे कवच त्याच्या मानासाठी नाही, आपल्यासाठी आहे. 'जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद' असे सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये सांगून ठेवले, तरी देशातल्या तुरुंगांत दर चारांपैकी सुमारे तीन कैदी अजून गुन्हा सिद्ध न झालेले आहेत. त्यांत आपल्या मोहल्ल्यांतली पोरेही आहेत. त्यांच्या आया वकिलाच्या फीसाठी दागिने मोडतात, आणि लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसतात.

अशा घरांना एवढे तरी माहीत हवे: कोठडीतल्या माणसाला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा असतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.