म्हण म्हणजे निकाल नव्हे

म्हणींमुळे भाषेला चव येते, असं आपण शाळेत शिकलो. पण माराला कंटाळून घराबाहेर पडलेल्या बाईच्या वाट्याला येणारी म्हण चवीपुरती नसते. ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ हे तिने नातेवाइकांच्या बैठकीत ऐकलेलं असतं, चौकीत ऐकलेलं असतं, कधी कधी सल्ला द्यायला बसलेल्या बाईकडूनही ऐकलेलं असतं. एकदा हे वाक्य उच्चारलं की पुढे काही विचारायची गरज उरत नाही. काय झालं, किती वेळा झालं, मुलं कुठे होती, सगळे प्रश्न तिथेच संपतात. चौकशीआधीच निकाल लागतो.

आमच्या पनवेलमध्ये आता हा निकाल इंग्रजीतूनही मिळतो. गावाभोवती नवीन पनवेल, कामोठे, खारघर वाढत गेलं, २०१६ साली महानगरपालिका झाली, जागोजागी इंग्रजी शाळा निघाल्या. आमच्या गटाकडे धुणीभांडी करणारी येते तशी कंपनीत मोठ्या पगारावर असलेलीही येते. पहिलीला टाळी ऐकवतात. दुसरीला सोसायटीतले शिकलेले लोक सांगतात, ‘इट टेक्स टू टँगो.’ अर्थ एकच. पण इंग्रजीतून आलं की ते समंजस, निःपक्षपाती वाटतं. ऐकणारीही गप्प बसते.

हा टँगो म्हणजे मुळात अर्जेंटिना-उरुग्वेकडचा जोडीचा नाच. १९५२ साली अमेरिकेत गाजलेल्या एका प्रेमगीताने हा वाक्प्रचार लोकांच्या तोंडी बसवला. नाच दोघांच्या मर्जीने सुरू होतो. नको वाटलं तर थांबता येतं. मार खाणाऱ्या बाईला यातलं काय लागू पडतं? टाळीचंही तेच. वाद दोघांचा असेल, हात मात्र एकानेच उगारलेला असतो. टाळीला दोन हात लागत असतील, थप्पड एकाच हाताने वाजते.

दुसरी जोडी पाहा. आपल्याकडे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’, तिकडे ‘डोन्ट वॉश युअर डर्टी लिनन इन पब्लिक’, म्हणजे घरातले मळके कपडे चारचौघांत धुऊ नका. मळवले कुणी हे कुणी विचारत नाही. धुणं आणि झाकणं, दोन्ही कामं बाईकडे. अब्रू घराची, जबाबदारी तिची.

आणि ‘बॉइज विल बी बॉइज’? मुलाने काच फोडली तर हे म्हणून हसावं, इतकाच त्याचा जीव. पण २०१३ साली मुंबईच्या शक्ती मिल आवारात सामूहिक बलात्कार झाले. २०१४च्या एप्रिलमध्ये तीन आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली गेली, आणि काही दिवसांतच मुलायमसिंह यादव यांनी मुरादाबादच्या प्रचारसभेत, मुलं आहेत, चुका होतात, असा सूर लावला. फाशीच्या शिक्षेला आपल्यापैकीही अनेकींचा विरोध आहे. पण त्यासाठी बलात्काराला ‘चूक’ म्हणावं लागत नाही.

मात्र आपणही जपून बोलायला हवं. ‘रूल ऑफ थंब’ म्हणजे अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने बायकोला मारायची मुभा देणारा जुना इंग्रजी कायदा, ही गोष्ट जगभरच्या चळवळीत सांगितली गेली. असा कायदा अभ्यासकांना सापडलेला नाही. १७८२ साली बुलर नावाच्या एका इंग्रज न्यायाधीशाच्या नावावर हे मत चिकटलं आणि त्याची व्यंगचित्रं निघाली, एवढं खरं. अंगठ्याने अंदाजे माप घेण्याचा हा वाक्प्रचार त्याच्याही आधीपासून वापरात होता. पुराव्याशिवाय बाईला दोषी ठरवू नका असं म्हणणाऱ्या आपण शब्दांनाही पुराव्याशिवाय दोषी ठरवू नये.

कुणी म्हणेल, मार राहिला बाजूला आणि तुम्ही शब्दांवर भांडता. पण शब्दांचा मार कायद्यानेही मानला आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा शाब्दिक आणि भावनिक छळ हीसुद्धा हिंसाच मानतो. अपमान, चेष्टा, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून बोललेले टोमणे, हे सारं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून तक्रार लिहून घेताना ‘घालूनपाडून बोलतात’ एवढ्यावर थांबू नये. कोणते शब्द, कोण बोललं, कुणासमोर, केव्हा, हे तिच्याच भाषेत लिहावं.

म्हणी टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. बचत गटात ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हटल्याशिवाय आपलं पान हलत नाही. प्रश्न एवढाच, की म्हण कोण म्हणतंय, कुणाला, आणि त्यामुळे कुणाचं तोंड बंद होतंय? मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत प्रत्येकीने स्वतःला ऐकावी लागलेली एक म्हण आणावी, मराठी असो की इंग्रजी. फळ्यावर लिहून हे तीन प्रश्न तिला विचारावेत. आणि टाळीचं वाक्य पुन्हा कानावर पडलं, तर थपडेचं वाक्य तयार ठेवावं.