सत्कार झाले, आता पोरांना हिशेब शिकवा!



दहावीचा निकाल लागला की आपल्याकडचा कार्यक्रम ठरलेला. शाल, श्रीफळ, हार, फोटो आणि पाहुण्यांचे अर्धा तास भाषण. गुणवंतांचा सत्कार व्हावा, त्याला माझी हरकत नाही. पण अशाच एका सत्कारानंतर मी एका मुलाला सहज विचारले, “बाळ, समजा घरी शेकडा तीनने 50,000 रुपये काढले, तर वर्षाचे व्याज किती?” तो म्हणाला, “दीड हजार.” शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. वर्षाचे होतात 18,000. आणि हा मुलगा गणितात पहिला!

तेच 50,000 किसान क्रेडिट कार्डावर काढून वेळेत फेडले तर वर्षाला चार टक्क्यांनी 2,000 रुपये व्याज पडते. मधले 16,000 रुपये कुठे गेले? ते आपल्या अडाणीपणाचे मोल म्हणून दरसाल सावकाराच्या पेटीत जातात. आपण मात्र दोष पावसाला देतो, सरकारला देतो, नशिबाला देतो. सरकारचा दोष नाही असे मी म्हणत नाही. पण व्याजाचा हिशेब करायला सरकारची परवानगी लागत नाही.

आता कापसाचे पाहा. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. हा भाव आठ टक्के ओलाव्याचा. त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कपात आणि बारा टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. म्हणजे ओलावा बारा निघाला तर क्विंटलमागे सुमारे 324 रुपये गेले. दहा क्विंटलला 3,244. कापूस आणखी दोन दिवस वाळवावा की आजच गाडी भरावी, हा प्रश्न आठवीतल्या मुलाला सुटतो. पण काट्यावर तो उभाच नसतो. आपणच त्याला सांगतो, “तू अभ्यास कर, ह्यात पडू नकोस.” अहो, हाच तर अभ्यास!

कुणी म्हणेल, ही नवी फॅशने आहेत. मुळीच नाहीत. 1882 साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. खेड्यातल्या शाळेत मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य शिकवावे अशी त्यांची मागणी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा व शिका’ हा मार्ग गरिबांच्या मुलांना दाखवला. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात शाळेतली मुले आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, विजेची जोडणी, शेती-जनावरे, घर आणि आरोग्य यांची कामे हाताने करतात, गावातल्या लोकांची कामे करून देतात आणि खर्चाचा हिशेबही मांडतात. उद्योजकता म्हणतात ती हीच. सूट घातलेल्या वक्त्याची टाळ्यांची शिबिरे नव्हेत, आणि साखळीत माणसे जोडून श्रीमंत व्हा सांगणाऱ्यांचे मेळावे तर नव्हेतच नव्हेत.

आपल्या बेज्जूरची गोष्ट आणखी बिकट आहे. 1956 साली राजुरा आणि किनवट पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. निजामाच्या राज्यात कचेरीचा कागद उर्दूत असे. वाचता येत नसे, म्हणून आपले वाडवडील दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत. आज कागद तेलुगू आणि इंग्रजीत आहे, आणि आपण अजूनही दुसऱ्याच्या तोंडाकडेच पाहतो! पट्टादार पासबुक वाचता येत नाही, कर्जाच्या कागदावर दाखवाल तिथे सही. काहींना वाटते तेलुगू शिकले की मराठी बुडते. मराठी तेलुगूने बुडत नाही. शेत गहाण पडून पोरे गाव सोडतात तेव्हा मराठी बुडते. 2018 च्या कायद्याने तेलुगू शाळेत सक्तीची झालीच आहे. ती केवळ पास होण्यापुरती न शिकता कागद वाचण्यापुरती तरी नीट शिका. घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू, दोन्ही ताठ मानेने.

2010 साली गटकर्जाच्या हप्त्यांनी आंध्र प्रदेशात काय झाले ते आपण पाहिले आहे. तेव्हा आपण त्याच राज्यात होतो. आत्महत्यांच्या बातम्या आल्या, सरकारला वटहुकूम काढावा लागला. आता रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे की अशा कर्जदार कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत. आपल्या किती आया-बहिणींना हा नियम ठाऊक आहे? म्हणून मुलींना हे आधी शिकवा. घरातले सोने तारण जाते तेव्हा ते तिच्याच अंगावरून उतरते.

“व्यवहार काय, वयात आल्यावर आपोआप कळतो,” असे काही वडीलधारी म्हणतात. कळतो, पण ठेच लागल्यावर. ठेचेची किंमत दोन एकर असेल तर? दुसरे म्हणतात, “नोकरी लागली की झाले.” कागजनगरची पेपर मिल आठवा. 2014 साली बंद पडली, ती 2018 साली पुन्हा सुरू झाली. त्या चार वर्षांत ज्यांच्या हाताला दुसरे काम येत होते त्यांचीच चूल धड पेटली.

तेव्हा मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे. सत्काराचा खर्च निम्मा करा. उरलेल्या पैशात दर रविवारी दोन तास आठवी ते दहावीच्या मुला-मुलींचा वर्ग घ्या. व्याज, काटापट्टी, पासबुक, विम्याचा कागद आणि मोबाइलवरची फसवणूक एवढे विषय पुरे. फसवणूक झाली तर 1930 ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे असते, हे लहान पोरालाही पाठ हवे. शिकवायला बाहेरचा वक्ता नको. आपल्यातलेच निवृत्त शिक्षक, दुकानदार, बँकेतले लोक आहेत. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते चालवता येते, बँकेने घातलेल्या मर्यादेत. ते प्रत्येक घराने काढावे. शेतातली एक ओळ, दोन कोंबड्या किंवा एक शेळी मुलाच्या नावाने करा, आणि त्याची वही त्यालाच लिहू द्या. तोटा आला तर येऊ द्या. पंधराव्या वर्षी दोनशेचा तोटा परवडतो, पस्तिसाव्या वर्षी दोन लाखांचा परवडत नाही.

आणि मते मागायला येणाऱ्यांना हार घालण्याआधी एकच विचारा : आमच्या शाळेत हाताच्या कामाचा तास आणि शिकवायला माणूस कधी देणार? तारीख सांगत असतील तर बसवा, नसतील तर चहा पाजून वाटेला लावा.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांची रोजकीर्द माळ्यावर पडली असेल. पै-पैची नोंद ठेवणारी ती माणसे आपल्याएवढी शिकलेली नव्हती. ती वही खाली काढा, धूळ झटका, आणि पुढच्या कोऱ्या पानावर नातवाला लिहायला बसवा.