‘चहा फ्री’चा बोर्ड लावण्याआधी हे गणित मांडा

कोवर्किंग स्पेस सुरू करायची म्हटलं की बरेच जण विचारतात, "सर, मेंबरशिप किती ठेवू?" आणि त्याच दमात सांगतात, "चहा-कॉफी अनलिमिटेड फ्री देणार आहे." माझं मत स्पष्ट आहे. फ्री चहा असं काही नसतं. तो पैसा एकतर मेंबरच्या फीमधून येतो, नाहीतर तुमच्या खिशातून जातो.

समजा, २० खुर्च्यांची जागा आहे. भाडं, लाईटबिल, इंटरनेट, साफसफाई मिळून महिन्याला ४२,००० रुपये आणि चहा करणाऱ्या मावशींचे ३,०००. म्हणजे एकही मेंबर नसला तरी ४५,००० जाणारच.

आता चहा. दूध, पावडर, साखर, गॅस, कागदी कप धरून एक कप ७ रुपयांना पडतो असं धरा. माणशी रोज ३ कप, महिन्याचे २४ दिवस, झाले ५०४ रुपये.

इथे बहुतेक जण ४५,००० ला २० ने भागतात. माणशी खर्च येतो २,७५४, मग ३,५०० फी भारीच वाटते. पण सगळ्या खुर्च्या भरतात का? १४ मेंबर धरा. खर्च होतो ३,७१८! म्हणजे प्रत्येक मेंबरमागे २१८ रुपये तुम्हीच भरताय.

मग चहा बंद करायचा? अजिबात नाही. पातळही करायचा नाही. चहाच्या वेळी मेंबर एकमेकांशी बोलतात, कुणाला अकाउंटंट मिळतो, कुणाला क्लायंट. लोक टिकतात ते त्यामुळे.

माझा सल्ला असा: फी ४,०००, त्यात रोज २ कप. तिसरा कप १० रुपये, शेजारी क्यूआर कोड. डे पासवाल्याला एक कप. आता १४ मेंबरवर जवळपास ६,३०० रुपये उरतात.

"फी वाढवली तर लोक जातील ना?" जाईल एखादा. पण ४,००० ला १३ मेंबर राहिले तरी तुम्ही नफ्यात. ३,५०० ला अनलिमिटेड चहा देऊन १५ बसवले तरी खर्च निघत नाही.

आणखी एक. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की आपल्याकडे जीएसटी नोंदणी लागते आणि अशा फीवर १८ टक्के कर बसतो. दर ठरवताना तेही धरून चाला.

आजच वही काढा, तुमचे आकडे टाका. कितव्या मेंबरला खर्च निघतो ते कळलं की मगच बोर्ड रंगवायला द्या.